सासूलाही विचारू या

पिंपळे सौदागरात घरभेटीला गेले की सुनेला बाजूला घेऊन मी विचारते, ‘मारहाण होते का?’ म्हातारीला मात्र कधी विचारलं नव्हतं. एकदा विचारलं. ‘न्हाणीत पडले,’ म्हणाली. पण आधी लेकाकडे पाहून. तो ड्यूटीवर असताना पुन्हा गेले, तेव्हा रडली. जमीन त्याच्या नावे करून बसली होती.

आपण सासूला आरोपी म्हणूनच ओळखलं. पण २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आईचाही आहे. मुंबईतल्या मायलेकींच्या खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने घरातल्या बाईविरुद्धही दाद मागण्याची वाट मोकळी केली. सांभाळाच्या अटीवर दिलेलं बक्षीसपत्र, अट मोडल्यास, २००७च्या ज्येष्ठांच्या कायद्याने रद्द होऊ शकतं.

मैत्रिणींनो, तिला एकटीला भेटा. आणि सहीआधी ती अट कागदावर लिहून घ्यायला सांगा.