पूर हद्द बघून येत नाही

प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत पंचगंगा एकच आहे. तिच्या काठावर मात्र महापालिका आहेत, नगरपालिका आहेत आणि कितीतरी ग्रामपंचायती. २००५, २०१९, २०२१ असे मोठे पूर आले, आणि दर वेळी प्रत्येकाने आपापल्या हद्दीपुरतीच धावपळ केली. पुढे हे वाढणारच आहे. महाराष्ट्रासह मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या, असं संशोधन सांगतं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात. खालच्या गावांनी एकमेकांशी बोलायला मात्र कुणीतरी मुद्दाम बसावं लागतं.

पूर आला की अधिकाऱ्यांची एक तक्रार नेहमीची: ‘बायका घर सोडत नाहीत.’ का सोडत नाहीत, हे कुणी विचारतं का? गोठ्यात म्हैस बांधलेली असते. तिचं शेण-वैरण, धार काढणं, सगळं बाईच्या अंगावर. ती कुणाच्या भरवशावर सोडायची? मग पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत थांबायचं आणि शेवटच्या नावेत चढायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला गाव सोडणाऱ्या माणसांनी भरलेली नाव उलटली. बुडालेल्यांत बायका होत्या, लहान मुलं होती. त्याला नुसतं दुर्दैव म्हणणं मला पटत नाही.

सखल गावाकडे उंच जागाच नसते. ती असते शेजारच्या गावाच्या गायरानात. म्हणजे जनावरांची छावणी कुठे, चारा कुणी साठवायचा, शाळेत उतरलेल्या बायकांसाठी संडास किती, बाळंतपणाला टेकलेल्या बाईला कुठे न्यायचं, हे दोन ग्रामपंचायतींनी पावसाआधी बसून लिहून ठेवायचं काम आहे. ‘आमच्या गायरानात त्यांची जनावरं कशाला?’ असं कुणीतरी म्हणणारच. ते भांडण मे महिन्यात होऊ दे, ऑगस्टमध्ये नको.

कायदा याच्या आड येत नाही. गावं आणि शहरं यांच्यातलं पाणीवाटप, पर्यावरण असे सामाईक प्रश्न जिल्हा नियोजन समितीने एकत्र विचारात घ्यावेत, असं राज्यघटनेतच म्हटलं आहे. पण त्या समितीवर निवडून जातात ते जिल्हा परिषदेचे आणि नगरपालिका-महापालिकांचे सदस्य. सरपंच बाईला तिथे खुर्ची नाही. त्यात २०२२ नंतर काही वर्षं बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासकच होते, म्हणजे निवडून आलेली एकही बाई नाही. १९९३ साली आपल्याला एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. पण ही सत्ता गावाच्या वेशीपाशी येऊन थांबते, आणि पूर तर वेशीबाहेरून येतो!

म्हणून माझं म्हणणं असं, की वरून समिती नेमली जाण्याची वाट आपण बघू नये. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायचा नियम आहेच. येत्या उन्हाळ्यात शिरोळ तालुक्यातल्या एका सखल आणि एका उंचावरच्या गावाने ती सभा एकत्र घ्यावी. दोन्ही ग्रामसेवकांना इतिवृत्त लिहायला बसवावं. पहिला विषय: म्हशी किती, चारा किती दिवसांचा, आणि संडासाच्या दाराला आतून कडी आहे का.