कोणीतरी बघेल!

मुलीने बी. ए.ला मानसशास्त्र घेतलं की घरात पहिला प्रश्न येतो, “त्यात शिकायचं काय? माणसं तर आपण रोज बघतोच!” त्यात सामाजिक मानसशास्त्राचा पेपर म्हटला की झालंच. चारचौघांत माणूस कसा वागतो, हे सांगायला पुस्तक कशाला हवं?

आज जेवताना घरात एक प्रश्न विचारून पाहा. एखाद्याला अचानक फिट आली, तर मदत मिळण्याची खात्री कधी जास्त? ऐकणारा एकच असेल तेव्हा, की पाचजण असतील तेव्हा? बहुतेक सगळे म्हणतील, पाच.

जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोघांनी हे पडताळून पाहिलं. त्यांचा प्रयोग १९६८ साली प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्क विद्यापीठातले ७२ विद्यार्थी, त्यांत ५९ मुली! प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवून यंत्रावरून बोलायला लावलं. मध्येच एकाला फिट आल्याचा आवाज आला. तो आधी मुद्रित केलेला होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ‘ऐकणारी मी एकटीच’ असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के फिट संपायच्या आत सांगायला धावले. आणखी एकजण ऐकतोय असं वाटलं तेव्हा ६२ टक्के, आणि आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं तेव्हा अवघे ३१ टक्के! बसून राहिलेले निर्दय होते का? मुळीच नाही. कित्येकांचे हात थरथरत होते. पण जबाबदारी वाटली गेली, की प्रत्येकाच्या वाट्याला थोडीथोडीच येते.

हे सगळं मी परीक्षेत छान लिहिलं होतं, बरं का. तरी गेल्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरून ठकठक ऐकू आली, तेव्हा मी पोळ्या लाटत राहिले. समोरच्या बिऱ्हाडात माणसं आहेत, बघेल कोणीतरी! समोरच्या वहिनींनाही नेमकं तेच वाटलं. वरच्या आजी न्हाणीघरात पडल्या होत्या आणि तासभर तांब्या फरशीवर आपटत होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. आता त्या काठी घेऊन चालतात. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाल्या, “तू घरी नव्हतीस वाटतं त्या दिवशी?” मला मान वर करवेना.

म्हणून लेकीला सांगा, व्याख्या घोकू नकोस. प्रत्येक प्रयोगाला चार प्रश्न विचार. शोधायचं काय होतं? बदललं काय? मोजलं काय? आणि आक्षेप कोणते? चौथा प्रश्न तर विसरूच नको. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. ३८ जण नुसते बघत राहिले, अशी बातमी छापून आली, आणि त्यावरूनच या दोघांना प्रयोग सुचला. तो आकडा फुगवलेला होता, हे पुढे उघड झालं. प्रयोगाचे आकडे मात्र त्या बातमीवर अवलंबून नाहीत. हा फरक जिला कळला, तिला विषय कळला.

मग पाचवा प्रश्न स्वतःला : मी काय करीन?

त्यासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवा. गर्दीत मदत हवी असेल, तर नुसतं “कोणीतरी या हो!” म्हणू नका. एकाकडे बोट दाखवून सांगा, “निळ्या शर्टातले भाऊ, तुम्ही १०८ला फोन लावा.” आणि वरून ठकठक आली, तर गॅस बंद करून जिना चढा. काही नसलं तर आजींशी दोन शब्द बोलून परत या. पोळी थोडी वातड होईल, एवढंच.