धारेचा दोष पोलादाच्या माथी नको

सुरीची धार बिघडली की ‘पोलादच हलके’ म्हणून आपण मोकळे होतो. हे निदान नव्हे. मऊ लोखंड व कडक पोलाद यांचे थर भट्टीत सांधून घडवलेले पाते घ्या. धारेचे तुकडे उडत असतील, तर पाणी दिल्यावर पाते पुन्हा सुमारे २०० ते २५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून ठिसूळपणा घालवलेला नसावा. धार वळत असेल, तर भट्टीत धारेवरचा कार्बन जळाला असेल किंवा मऊ थरच धारेवर आला असेल. तिथे कानस सहज लागते. चीर थरांच्या रेषेतच असेल, तर सांध्यात ऑक्साइडची खपली अडकली असावी. टाकणखार घालतात तो ही खपली विरघळवण्यासाठीच.

दोष तीन, कारणे निराळी, उपायही निराळे. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, तरच खरे कारण हाती लागते. हीच प्रयोगाची शिस्त आपण पुस्तकातून पाठ करतो. त्यापेक्षा शिक्षकांनी वर्ग एकदा लोहाराच्या भट्टीवर न्यावा. नाशिकला आमच्या द्वारका भागातील शाळांनी सुरुवात करावी, असे मला वाटते. लोहाराला नावे ठेवण्याआधी त्याला प्रश्न विचारायला मुले तिथे शिकतील.