वसतिगृहातल्या मुली आणि पाच तासांचा नियम

अंधेरीतल्या निर्मितीसंस्थांच्या बैठकीत ‘मुलींच्या वसतिगृहावर मालिका’ असा विषय निघाला की चर्चा सहसा दोनच वाटा धरते. एक तर भूत, नाहीतर प्रेमत्रिकोण. ब्रिटनमध्ये तिसरी वाट केव्हाच रुळली आहे. एनिड ब्लायटन यांनी १९४६ ते १९५१ या काळात लिहिलेल्या ‘मॅलरी टॉवर्स’च्या सहा पुस्तकांवरून बीबीसीने २०२० मध्ये मालिका आणली. दुसरे महायुद्ध नुकतेच संपलेले, कॉर्नवॉलच्या समुद्रकाठची निवासी शाळा, नायिका डॅरेल रिव्हर्स नावाची तापट मुलगी आणि पहिल्या हंगामाचे तेरा भाग. कोणाचा खून होत नाही, कोणी कोणाला विष घालत नाही. मैत्री तुटते, जुळते, रात्री चोरून खाऊ खाल्ला जातो. नात आणि आजी एकाच सोफ्यावर बसून ते पाहू शकतात.

म्हणून उद्या पाचगणीत कॉर्नवॉल उभे करण्याची मुळीच गरज नाही. अशी गोष्ट आपल्याच इतिहासात आहे.

११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन ही निवासी शाळा सुरू केली. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, माहेर देवरुखचे जोशी. आठव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य आणि विशी उलटल्यावर भाऊ नरहरपंतांच्या आधाराने शिक्षण. याच गोदूबाईंनी पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, तोही ११ मार्चलाच, १८९३ साली. असा योगायोग कोणी पटकथेत घातला असता तर वाहिनीने ‘फारच जुळवलेले वाटते’ म्हणून परत पाठवला असता! १८९० मध्ये सदन पुण्याला हलले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. इतिहासाच्या पुस्तकात हा परिच्छेद रमाबाई, टिळक आणि सल्लागार मंडळ यांच्याभोवती फिरतो. मालिकेच्या लेखकाने मात्र खोलीत थांबावे. एकीचा मामा दारात टांगा घेऊन उभा आहे आणि दुसरीला न्यायला कोणीच आलेले नाही, एवढ्यावर आठवडाभराचे भाग निघतील.

मराठी प्रेक्षक हा काळ रोज रात्री पाहायला तयार असतो, हे झी मराठीच्या ‘उंच माझा झोका’ने २०१२ मध्येच दाखवून दिले. तेजश्री वालावलकरची छोटी रमा घराघरांत पोहोचली. पण ती एका व्यक्तीची, रमाबाई रानडे यांची, चरित्रमालिका होती. नायिका मोठी होताच बालपण मागे पडते आणि पदर खोचलेली कर्तबगार स्त्री पडद्याचा ताबा घेते. वसतिगृहाच्या गोष्टीत असे होत नाही. जुन्या मुली जातात, नव्या येतात, नायकत्व खोलीकडे राहते. सहकुटुंब पाहण्याजोग्या मालिकेला याहून सोयीचा सांगाडा मिळणे कठीण.

साहित्यही हाताशी आहे. कर्व्यांनी १८९६ मध्ये काढलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. गोदूबाईंच्या बहीण पार्वतीबाई आठवले तिथे कामाला लागल्या आणि वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडल्या. १९१८ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या आणि तिथे घरकाम करून राहिल्या. त्यांचे ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र १९२८ चे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतात. पार्वतीबाई १९५५ मध्ये गेल्या, तेव्हा मूळ मराठी पुस्तकासाठी आता परवानगीची भीड नको.

खरी अडचण इतिहासाची नाही, कॉलशीटची आहे. बालकामगार कायद्याच्या २०१७ मधील सुधारित नियमांनुसार चौदा वर्षांखालील कलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही. सलग २७ दिवसांची मर्यादा आहे. पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते, मानधनाचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत जातो. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. गोरेगावचा सेट घोडबंदरला हलवला की जिल्हा बदलतो, हेही निर्मिती व्यवस्थापकाने वहीत टिपून ठेवावे. बारा मुली घेऊन रोज एक भाग काढायचा तर या चौकटीत गणित बसत नाही, आणि ते बसवण्यासाठी नियमाला हात लावायचा विचार कोणी करू नये. मालिकाच तेरा किंवा सव्वीस भागांची करावी, सुट्टीत सलग चित्रित करावी. वाहिन्यांना हे पटवणे अवघड आहे, पण ओटीटीमुळे पूर्वीइतके अशक्य राहिलेले नाही.

एक प्रश्न रंगभूषा विभागाचा. केशवपन केलेली तरुण मुलगी सहकुटुंब मालिकेत दाखवावी का? दाखवावी. आलवण दाखवून डोक्यावरून पदर ओढून घेण्याची पळवाट आपल्याकडे फार वापरली जाते आणि त्यातून वैधव्य म्हणजे एक विशिष्ट रंगाची साडी एवढेच नव्या प्रेक्षकाला कळते. दहा वर्षांच्या प्रेक्षकाला वाईट वाटेल, तो आईला प्रश्न विचारेल. विचारू द्यावा.

दुसऱ्या हंगामासाठी हिंगण्याचीच पुढची पिढी आहे. बाळूताई खरे तिथल्या कन्याशाळेत शिकल्या, पुढे तिथे शिकवूही लागल्या आणि १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावाआडून ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहून त्यांनी मराठी वाचकांना हादरवले. ही बाई कोण, यावर महाराष्ट्रभर तर्क चालले होते. रहस्य हवेच असेल, तर ते इथे आहे.