पहिले ऑइल : हजारावर की दहा हजारांवर?

छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर अनेक मध्यमवर्गीय घरांपुढे पहिलीवहिली गाडी उभी राहिली. हार-फुले सुकतात न सुकतात तोच या नव्या मालकांपुढे एक जुना प्रश्न येतो. इंजिन ऑइल पहिल्यांदा बदलायचे कधी? कोपऱ्यावरचा गॅरेजवाला छातीठोकपणे सांगतो, "हजार किलोमीटरला काढून टाका." शोरूममधला सल्लागार तितक्याच ठामपणे म्हणतो, "हजाराला फक्त तपासणी, ऑइल दहा हजारांवर." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि दोघांचेही हितसंबंध त्यात गुंतलेले आहेत.

गॅरेजवाल्याचा सल्ला ही निव्वळ अंधश्रद्धा नव्हे. कुर्ल्याच्या कारखान्यातून २००० सालापर्यंत बाहेर पडलेली प्रीमियर पद्मिनी किंवा उत्तरपाड्याची अ‍ॅम्बेसेडर यांच्या काळात इंजिनाचे भाग आजच्याइतक्या काटेकोरपणे घासलेले नसत. नव्या इंजिनात सुटणारा धातूचा कीस, ओतकामातून राहिलेला एखादा कण हे सारे पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये तेलात उतरत असे. मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी अक्षरे रंगवून गाडी जपून चालवली जाई आणि ठरलेले अंतर पूर्ण होताच ते काळे तेल काढून टाकले जाई. त्या यंत्राला आणि त्या काळच्या तेलाला ते शोभणारेच होते.

आज पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी जुळवून घेण्याची प्रक्रिया संपलेली नाही, पण ती बरीच सौम्य झाली आहे. सुटणारे कण बारीक असतात आणि त्यातले बहुतेक फिल्टर अडवतो. होंडासारख्या कंपनीने तर कारखान्यात भरलेले तेल घाईने काढू नका, असाच सल्ला अमेरिकेतील ग्राहकांना दिला आहे. सुरुवातीच्या झिजेपासून रक्षण करणारी, मॉलिब्डेनमसारखी द्रव्ये त्या पहिल्या तेलात अधिक असतात, हे त्यामागचे कारण. सारांश, हजार किलोमीटरवर ऑइल बदलल्याने इंजिन बिघडणार नाही. पण तीन-साडेतीन लिटर चांगले तेल वाया जाईल.

म्हणून शोरूमचे 'दहा हजार' आपोआप बरोबर ठरते काय? येथेच खरी मेख आहे.

खेड्यातला शेतकरी ट्रॅक्टरचे तेल किलोमीटरवर बदलत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे तासांचे मीटर असते. पहिली सर्व्हिसिंग साधारण पन्नास तासांवर आणि पुढच्या साऱ्या तासांच्याच हिशेबाने. शहरी मोटारमालकाला मात्र केवळ अंतर मोजायला शिकवले गेले. आता साधे गणित करू. महामार्गावर ताशी सरासरी ६० किलोमीटरने धावणारी गाडी दहा हजार किलोमीटर सुमारे १६७ तासांत कापते. सकाळ-संध्याकाळ हिंजवडीच्या वा पश्चिम द्रुतगती मार्गाच्या कोंडीत सरासरी १५ किलोमीटरने सरकणाऱ्या गाडीला त्याच दहा हजारांसाठी ६६७ तास लागतात. मीटरवरचा आकडा एकच, पण दुसऱ्या गाडीतले तेल चौपट वेळ राबलेले असते.

त्याहून वाईट अवस्था जवळच्या फेऱ्यांची. मुलांची शाळा, भाजी, स्टेशन अशा तीन-चार किलोमीटरच्या फेरीत तेल पुरेसे तापतच नाही. ज्वलनातून तयार झालेली वाफ आणि न जळलेले पेट्रोल तेलात उतरते आणि उडून जायला सवड न मिळाल्याने तिथेच मुरते. 'भारत स्टेज ६' मानकांच्या डिझेल गाड्यांत आणखी एक भर पडली. धुराड्यातल्या गाळणीत साचलेली काजळी जाळण्यासाठी बऱ्याच इंजिनांत जादा डिझेल सोडले जाते. फेरी अर्धवट राहिली, की त्यातले काही डिझेल तेलात उतरते. अशा गाडीची डिपस्टिक काढली तर तेलाची पातळी घटण्याऐवजी वाढलेली दिसते आणि भाबडा मालक त्यावर समाधान मानतो!

कंपन्यांना हे ठाऊक नाही असे नाही. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत देखभालीचे सहसा दोन हिशेब असतात. एक सर्वसाधारण वापराचा, दुसरा कठीण परिस्थितीचा. वारंवार जवळच्या फेऱ्या, सतत थांबत-थांबत चालवणे, इंजिन चालू ठेवून उभे राहणे, धुळीचे रस्ते ही त्या 'कठीण परिस्थिती'ची लक्षणे. वाचताना ते मुंबई-पुण्याचेच वर्णन वाटावे. अशा वापरासाठी ऑइल बदलण्याची मुदत बहुधा निम्म्यावर आणलेली असते. आपल्याकडे जी परिस्थिती नित्याची, तिला पुस्तिकेत अपवादाचे स्थान. आणि शोरूममध्ये उच्चार होतो तो पहिल्याच पानाचा. देखभालीचा खर्च जितका कमी दाखवता येईल तितकी गाडी विकायला सोपी, हे त्यामागचे व्यवहारज्ञान सांगायला नकोच. वॉरंटी संपल्यानंतरची झीज मात्र मालकाच्या खात्यावर.

त्यात तेलही पातळ झाले आहे. इंधनबचतीचे सरकारी निकष २०१७-१८ पासून लागू झाले, २०२२-२३ पासून ते अधिक कडक झाले. इंधनाचा थेंब न् थेंब वाचवण्यासाठी ०डब्ल्यू-२० वा त्याहूनही पातळ प्रतीची तेले नव्या गाड्यांत आली. तेल उत्तम दर्जाचे असते यात शंका नाही, पण मुळातच पातळ असलेल्या तेलात पेट्रोल मिसळले, तर राखीव ताकद कितीशी उरणार?

दुसऱ्या बाजूने, लवकर बदलण्याचा उत्साहही निरुपद्रवी नाही. देशात २०२४-२५ या वर्षात सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. प्रत्येकीचे साडेतीन लिटर तेल हजारावर उगाच बदलले, तर सुमारे दीड कोटी लिटर तेल वाया जाईल. वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. तो परत गोळा करण्याची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून नियमाने उत्पादकांवर टाकण्यात आली आहे; गटारात ओतला जाणारा डबा त्यामुळे लगेच थांबला असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेत दर तीन हजार मैलांना ऑइल बदलण्याची रूढी इतकी घट्ट बसली होती, की कॅलिफोर्नियाच्या कचरा व्यवस्थापन यंत्रणेला तिच्याविरुद्ध प्रचारमोहीम काढावी लागली.

राहता राहिला वॉरंटीचा धाक. बाहेर ऑइल बदलले की वॉरंटी गेली, असे सर्रास सांगितले जाते. स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तेव्हा केवळ बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी नाकारू नये, असेही बजावले होते. त्यावर पुढे अपिले झाली, पण ग्राहकाच्या हाती मुद्दा राहिला. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच घ्यावे, आणि तारीख व किलोमीटर लिहिलेले पक्के बिल जपून ठेवावे. मोफत सर्व्हिसिंगच्या वेळी गळ्यात मारले जाणारे 'इंजिन फ्लश' नव्या गाडीला नको, असे सांगायला संकोच करू नये.

मग शहरातल्या गाडीचे पहिले ऑइल कधी बदलावे? गाडी रोज कोंडीतच फिरत असेल तर पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, यांपैकी जे आधी होईल ते. टर्बो पेट्रोल इंजिन असेल तर यात चालढकल नको. आठवड्यातून दोनदा मुंबई-नाशिक करणाऱ्याने पुस्तिकेतली सर्वसाधारण मुदत निश्चिंतपणे पाळावी. आणि जी गाडी वर्षात तीन हजारही चालत नाही, तिचे तेल 'अजून नवेच आहे' म्हणून वर्षापलीकडे ठेवू नये. नवे इंजिन सुरुवातीला थोडे तेल पिते, म्हणून महिन्यातून एकदा, गाडी सपाट जागी आणि इंजिन बंद असताना, डिपस्टिक पाहावी. पातळी खाली गेली तर भर घालावी आणि वर चढलेली दिसली तर मुदतीची वाट न पाहता सर्व्हिस सेंटर गाठावे.

गंमत अशी, की इंजिनाचे फेरे, तापमान आणि थंड अवस्थेतली सुरुवात यांवरून तेलाचे उरलेले आयुष्य दाखवणारी यंत्रणा परदेशांतल्या अनेक गाड्यांत वर्षानुवर्षे आहे. आपल्या बहुसंख्य गाड्यांच्या संगणकापाशीही ही माहिती असते. ती चालकापुढच्या पडद्यावर आणायला कंपन्यांना नवे यंत्र शोधावे लागणार नाही. ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीच्या हक्का'चे पोर्टल २०२२ मध्ये उघडले, त्यात मोटार क्षेत्रही आहे. ट्रॅक्टरवर दिसते ते तासांचे मीटर मोटारीत का नाही, हा प्रश्न कंपन्यांना तिथून विचारता येण्यासारखा आहे.