पुष्पौषधी आणि सत्त्वपरीक्षा

परदुःखाने व्याकूळ होणारे रुग्ण सुप्यासारख्या जिरायती भागातही पुष्पौषधी मागू लागले आहेत. डॉ. एडवर्ड बाख यांच्या या ३८ औषधी म्हणजे आपले अर्क नव्हेत. त्या फुले पाण्यात उन्हात ठेवून वा उकळून, ब्रँडी मिसळून करतात. २०१० साली अर्न्स्ट यांनी केलेल्या समीक्षेत त्या प्लासीबोहून सरस ठरल्या नाहीत. तरीही रुग्णास बरे वाटते ते, आमच्या मते, औषध निवडताना कोणी त्याचे मनोगत ऐकते म्हणून. चरकोक्त सत्त्वपरीक्षा व सत्त्वावजय चिकित्सा आपल्या हाती असता हा वेळ आपणच का देऊ नये? औषधविक्रेत्यांनीही बाटलीसोबत आश्वासन विकू नये. संवेदनशीलता हा रोग नव्हे. मात्र निद्रा व भूक हरपलेल्या, जीवनाला विटलेल्या रुग्णास तत्काळ मानसरोगतज्ज्ञांकडे पाठविणे हेच वैद्याचे कर्तव्य होय.