अज्ञानाचा मानमरातब

‘मला त्या संगणकातलं काही कळत नाही बुवा’ हे वाक्य मराठी विभागांत ज्या सुरात उच्चारले जाते, तो सूर एकदा नीट ऐकायला हवा. त्यात खंत नसते, संकोच तर नसतोच; असलाच तर एक सूक्ष्म अभिमान असतो. कुणी ‘मला मर्ढेकर कळत नाहीत’ असे म्हणाला, तर आपण त्याच्याकडे करुणेने पाहतो. मात्र ‘फाइल कुठे सेव्ह झाली ते कळत नाही’ असे म्हणणारा जणू आपल्या मनोविश्वाची उंचीच सिद्ध करत असतो. यंत्राविषयीचे अज्ञान हे संवेदनशीलतेचे प्रमाणपत्र कधीपासून झाले?

या प्रमाणपत्राची किंमत दुसराच कुणी तरी मोजतो. महाविद्यालयात त्याला ‘संगणक सहायक’ म्हणतात. बहुधा तो कंत्राटी असतो, पगार एखाद्या एजन्सीमार्फत येतो. पडदा काळा झाला की त्याला बोलावणे जाते. तो येतो आणि मॉनिटरचे बटण दाबतो. ‘इंटरनेट उडालं’ म्हणून हाक येते. डेस्कटॉपवरचे चित्र चुकून पुसले गेलेले असते. हे सारे क्षम्य आहे, एकदा. तेच बटण त्याच व्यक्तीसाठी चौथ्या वर्षी दाबावे लागते, तेव्हा त्याला अज्ञान म्हणता येणार नाही. न शिकण्याचा तो निर्णय असतो, आणि तो पदाच्या बळावर घेतलेला असतो. उलट बाजूने हा निर्णय घेण्याची मुभा नाही: त्या सहायकाने ‘मला तुमच्या अंतर्गत मूल्यमापनाचं काही कळत नाही’ असे म्हणून पाहावे!

अंतर्गत गुण ऑनलाइन भरण्याची मुदत संपत आली की काय घडते, हे प्रत्येक महाविद्यालयाला ठाऊक आहे. प्राध्यापक गुणांची यादी आणि पासवर्डची चिठ्ठी त्याच्या टेबलावर ठेवून निघून जातात. मग फोनवर ओटीपी सांगितला जातो. एका वहीत आठ-नऊ जणांचे पासवर्ड असतात, खुद्द त्या जणांच्याच सांगण्यावरून. खाते एकाचे, हात दुसऱ्याचा. उद्या एखाद्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेत १८ च्या जागी ८ उमटले, तर चौकशीत कुणाचे बोट कुणाकडे वळेल, हे सांगण्याची गरज नाही. कायम नोकरीतला माणूस ‘मी भरलेच नव्हते’ असे म्हणून सुटतो. कंत्राटी माणसाचे कंत्राट फक्त पुढे चालू होत नाही. त्यासाठी आरोपपत्रही लागत नाही.

आणि त्याला हाक कशी मारली जाते? ‘अरे, जरा ये रे इकडे.’ आदरार्थी बहुवचनाच्या छटा वर्गात तासभर उलगडून दाखवणारे आपण, हा माणूस चाळिशीचा असला तरी त्याला ‘अरे’ म्हणतो. तो मात्र आपल्याला ‘सर’, ‘मॅडम’ म्हणतो. भाषेतील सत्तासंबंधांवर शोधनिबंध हवाच असेल, तर सामग्री विभागाच्या दारातच उभी आहे.

पण खरा दोष याहून खोल आहे, आणि तो आपल्या विषयाचाच आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांचा सत्कार’ आणि ‘आचाऱ्यांचा सत्कार’ यांतला भेद मराठीचा शिक्षक प्राण पणाला लावून शिकवतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ही जोडणी तीन ठोक्यांची आहे: शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ, म्हणजे ऱ, हलन्त, य. हे तीन ठोके विभागात किती जणांना येतात? निमंत्रणपत्रिकेवर आचार्यांचा आचारी होऊ नये, ही जबाबदारी अखेर त्या सहायकावर असते. एके काळी हे काम छापखान्यातला जुळारी करत असे. त्या काळी निदान काही मंडळींना अक्षराच्या देहाविषयी आस्था होती. सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली. बापूराव नाईकांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील त्रिखंडात्मक इंग्रजी ग्रंथ १९७१ मध्ये भाषा संचालनालयाने प्रकाशित केला. आज लिपीचा प्रश्न ‘टेक्निकल’ ठरवून आपण त्यातून अंग काढून घेतले आहे.

परिणाम पाहा. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ फॉन्ट घरोघर येऊ लागला. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे आपले लेख, प्रबंध, अंक कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टांत कोंडले जात राहिले. त्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर केवळ दिसण्यापुरते असते. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हेच. फॉन्ट काढला की ‘ज्ञानेश्वरी’ नावाची फाइल स्वल्पविरामांचा आणि डॉलरचिन्हांचा ढिगारा होते, आणि विभागात चर्चा सुरू होते की व्हायरस आला. या मजकुरात शब्द शोधता येत नाही, त्यावरून शब्दसूची होत नाही. २००९ च्या यूजीसी नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सक्तीची केली. आपण सीडी जोडली आणि हात झटकले.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला: यंत्राची भाषाच इंग्रजी, सूचना इंग्रजी, प्रशिक्षण म्हणजे दोन दिवसांचा चहा-नाश्ता. हे खरे आहे. पण ‘सेव्ह ॲज’साठी, ‘अटॅचमेंट’साठी वापरता येईल असा मराठी शब्द घडवायचा कुणी? परिभाषा हा मराठीच्या अभ्यासकाचा प्रांत आहे, आणि आपण तो कळफलकाला हात न लावताच सोडून दिला. दुसरा आक्षेप तंत्रज्ञांच्या उद्दामपणाचा: ते हसतात, भराभर काही तरी दाबतात, समजावून सांगत नाहीत. असेही असतात. मात्र दिवसभरात वीस ठिकाणी तेच बटण दाबणाऱ्याकडून सहृदय अध्यापनाची अपेक्षा करताना, आपण स्वतः ऱ्हस्व-दीर्घ चुकवणाऱ्या विद्यार्थ्याशी स्टाफरूममध्ये किती सहृदय असतो, तेही आठवावे.

असो. विभागाच्या कपाटात त्या सीडी अजून आहेत. बहुतेक नव्या संगणकांना सीडी घालायला जागाच नसते. त्यांतला मजकूर बाहेर काढायचा, कुठला फॉन्ट होता ते ओळखायचे, परिवर्तकातून तो युनिकोडमध्ये आणायचा आणि रूपांतरात मोडलेली रफारांची व जोडाक्षरांची दुरुस्ती करायची, हे काम काही आठवड्यांचे आहे. पहिले अर्धे सहायकाला येते. दुसरे अर्धे, म्हणजे शब्द बरोबर लागला की नाही हे ओळखणे, फक्त आपल्याला येते. त्याचे कंत्राट अकरा महिन्यांचे आहे, आणि त्यातले काही महिने गुण भरण्यात गेले आहेत.